हुंडणावळ कोणीं सोसावी?

जुनी वस्तु विकण्यांत कमीपणा कांहीं नाहीं. एका घरीं अडगळींत पडलेली सायकल दुसऱ्या घरच्या मुलास शाळेंत पोंचविते; वरच्या वर्गांत गेलेल्या विद्यार्थ्याचीं पुस्तकें खालच्या वर्गांतील विद्यार्थ्यास निम्म्या किंमतींत मिळतात; एकीनें बाजूस ठेवलेलें शिवणयंत्र दुसरीच्या संसारास हातभार लावितें. वस्तूचें आयुष्य वाढतें, घेणाराची बचत होते आणि विकणाराच्या हातीं गरजेच्या वेळीं चार पैसे पडतात. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें आणि घरोघरचें सामान चिखलांत गेलें. त्यानंतर ज्यांना संसार पुन्हां मांडावा लागला, त्यांना जुन्या पण चालू स्थितींतील वस्तूचें मोल काय असतें, हें निराळें सांगावयास नको.

मात्र या व्यवहारांत अलीकडे एक तिसरा वाटेकरी येऊन बसला आहे. पूर्वीं विकणारा व घेणारा समोरासमोर उभे राहत; नोटा मोजून घेतल्या कीं काम संपे. आतां पैसे फोनवरून जातात. घेणारा मुंबईस, विकणारा आंबेनळीच्या पायथ्याशीं एखाद्या वाडींत, आणि दोघांच्या मध्यें पैसे पोंचविणारी कंपनी. ही कंपनी कांहीं प्रकारच्या व्यवहारांत आपली मजुरी कापून घेते. समजा, सायकलीचा सौदा २००० रुपयांस ठरला आणि विकणाराच्या खात्यांत १९५२ रुपये ८० पैसेच जमा झाले. उरलेले ४७ रुपये २० पैसे कोणाचे गेले? विकणारा म्हणतो, ‘मला पुरे मिळाले नाहींत.’ घेणारा म्हणतो, ‘मीं तर पुरे दिले.’ दोघेही खरें बोलतात आणि तरीही मनें कलुषित होतात. म्हणून हें शुल्क न्यायानें कोणाच्या पदरीं पडावें, याचा थोडासा ऊहापोह येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. आपल्या पेठांतून पूर्वीं हुंडीचा व्यवहार चाले. दूर गांवीं पैसा पोंचवावयाचा असला म्हणजे सावकाराकडून हुंडी घेत आणि त्या कामाबद्दल त्यास जें द्यावें लागे त्यास ‘हुंडणावळ’ म्हणत. पुढें १८८० सालीं टपाल खात्यानें मनिऑर्डर सुरू केली. महाड-पोलादपूरकडील कर्ते पुरुष मुंबईस कामाला जात आणि दर महिन्यास घरीं मनिऑर्डर करीत. तिचें कमिशन पाठविणारा भरी. घरच्या माणसांच्या हातीं रक्कम पुरी पडे. जुन्या पद्धतीची ही मनिऑर्डर २०१५ सालीं बंद झाली. परंतु तिच्यामागील नियम साधा व उघड होता. टपालानेंच १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत सुरू केली होती. तींत माल पाठविण्याचा टपालखर्च पाठविणारा करी आणि वस्तूच्या किंमतीबरोबर मनिऑर्डरचें कमिशन माल सोडवून घेणाऱ्याकडून वसूल होई. म्हणजे ओझें दोघांत वांटलेलें असे आणि कोणाचा वांटा कोणता, हें दोघांसही आधीं ठाऊक असे. आमच्या मतें या जुन्या पद्धतींचा खरा गुण हाच होय.

येथें एक भेद ध्यानीं घेतला पाहिजे. शुल्क भरतो कोण, हा एक प्रश्न. आणि तें शेवटीं सोसतो कोण, हा दुसरा. आंबेनळीचा आजचा रस्ता होण्यापूर्वीं प्रतापगडाजवळून उतरणारा पार घाट हा कोंकण व देश यांना जोडणारा जुना मार्ग होता. सह्याद्रीच्या अशा घाटवाटांनीं मिठाचे बैल वर जात व धान्याचे खालीं येत, आणि जागोजागीं जकात घेतली जाई. जकात भरी बैलवाला. पण तो ती आपल्या पोटास चिमटा घेऊन भरीत असे काय? नाहीं, वर देशावर मीठ विकतांना ती किंमतींत चढे. परंतु त्याच दिवशीं बाजारांत मिठाच्या गोणी फार आल्या असल्या तर त्यास भाव चढवितां येत नसे आणि जकात त्याच्याच अंगावर पडे. यावरून असें दिसतें कीं, शुल्काचा खरा भार कायद्यानें किंवा कंपनीनें ज्याचें नांव लिहिलें त्याच्यावर पडतोच असें नाहीं; ज्याला थांबण्याची सोय नाहीं, त्याच्यावर तो पडतो.

आपल्या राज्यांतील एक अलीकडचें उदाहरण याच जातीचें आहे. बाजार समितींत शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या आपली अडत शेतकऱ्याच्या पट्टींतून कापून घेई. जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र शासनानें फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. त्यावर व्यापाऱ्यांनीं बंद पुकारला. कोणी म्हणेल कीं, अडत खरेदीदारानें दिली तर तो बोली तितकी कमी करील, मग लाभ तो काय? ही शंका अगदींच निराधार नाहीं. तथापि एक लाभ निश्चित आहे. सौदा झाल्यावर पट्टींतून गुपचूप कापलेली रक्कम शेतकऱ्यास नाकारतां येत नाहीं. बोलींतच कमी सांगितलेला भाव मात्र त्यास कळतो आणि तो ‘नाहीं’ म्हणूं शकतो.

दुकानदार व जुनी वस्तु विकणारा गृहस्थ यांच्यांत जो फरक आहे तोही पाहूं. दुकानदार वर्षांत हजारों वस्तु विकतो. कंपनीचें शुल्क तो दिव्याच्या व भाड्याच्या खर्चाप्रमाणें सर्व मालावर पसरून टाकतो, आणि गिऱ्हाइकास त्याची जाणीवही होत नाहीं. जुनी सायकल विकणारा ती एकदांच विकतो. त्याच्यापाशीं छापील किंमत नाहीं, पावती नाहीं, नफ्याचा हिशेब नाहीं. वस्तूचा भाव केवळ दोन माणसांच्या बोलण्यांतून ठरतो. शिवाय नव्या वस्तूच्या किंमतीजवळ तो जाऊं शकत नाहीं. म्हणून दुकानांत जें शुल्क दिसतही नाहीं तें येथें उघड्यावर येऊन पडतें आणि दोघांना त्याकडे पाहावेंच लागतें.

आतां आजची वस्तुस्थिति. आपल्या देशांत राष्ट्रीय भुगतान निगम या संस्थेनें एप्रिल २०१६ मध्यें यूपीआय ही पद्धत सुरू केली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्ड यांवर व्यापाऱ्यास द्यावें लागणारें शुल्क कायद्यानें शून्य करण्यांत आलें. तेव्हां एका माणसानें आपल्या बँकेच्या खात्यांतून दुसऱ्याच्या खात्यांत यूपीआयनें पैसे पाठविले, तर वाटेंत कांहीं कापलें जात नाहीं. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत अशा व्यवहारांची संख्या २००० कोटींच्या वर गेली. परंतु जें आपणांस फुकट मिळतें तें कोणासच खर्चाचें नसतें असें समजूं नये. लहान व्यापाऱ्यांकडील छोट्या रकमांच्या यूपीआय व्यवहारांना उत्तेजन देण्यासाठीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मार्च २०२५ मध्यें २०२४-२५ या वर्षाकरितां सुमारें १५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे हुंडणावळ नाहींशी झालेली नाहीं. तिचा एक भाग सरकारी तिजोरी भरते, आणि तिजोरींत पैसा आपणां सर्वांचाच असतो. क्रेडिट कार्ड, परदेशांतून येणारे पैसे आणि कित्येक विक्री-संकेतस्थळांची मध्यस्थी यांवर मात्र शुल्क आहेच.

परदेशांत या प्रश्नाचें उत्तर एकसारखें दिलेलें नाहीं. ई-बे या प्रसिद्ध बाजारांत पुष्कळ वर्षें शुल्क विकणाराकडून घेतलें जाई. त्याच कंपनीनें ब्रिटनमध्यें ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती वस्तु विकणाऱ्या खासगी माणसांचें विक्रीशुल्क काढून टाकलें आणि फेब्रुवारी २०२५ पासून घेणारावर संरक्षणशुल्क बसविलें. जुन्या कपड्यांच्या विक्रीसाठीं नांवाजलेली विंटेड ही युरोपांतील कंपनीही घेणाराकडूनच शुल्क घेते. तिचें म्हणणें असें कीं, वस्तु आली नाहीं किंवा वर्णनाप्रमाणें निघाली नाहीं तर पैसे परत मिळण्याची हमी घेणारास मिळते, म्हणून त्या हमीचें मोलही त्यानें द्यावें. हें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. ज्याच्या हितासाठीं सेवा, त्यानें तिचें मोल द्यावें, हें तत्त्व त्याच्या मुळाशीं आहे.

याच तत्त्वावरून आम्ही तीन साधे नियम सुचवितों.

पहिला नियम असा कीं, बिनखर्चाची वाट मोकळी असतां जो आपल्या सोयीसाठीं खर्चाची वाट धरील, त्यानें तो खर्च सोसावा. विकणारा रोख किंवा यूपीआयनें घेण्यास तयार आहे. घेणारास मात्र क्रेडिट कार्डच वापरावयाचें आहे, कारण त्यास महिनाभराची उसंत मिळते. मग शुल्क घेणाराचें. उलट, विकणारानेंच एखाद्या संकेतस्थळावर वस्तु मांडली, कारण तेथें गिऱ्हाइकें पुष्कळ मिळतात. मग तेथील विक्रीशुल्क त्याचें.

दुसरा नियम असा कीं, ज्या सेवेचा लाभ दोघांसही सारखा आहे, तिचें शुल्क निम्मेंनिम्म वांटावें. जुलै २०२१ मध्यें दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला होता. अशा दिवसांत महाबळेश्वरच्या माणसास पोलादपुरास येऊन रोख पैसे देतां येत नाहींत आणि पोलादपूरच्या माणसासही वर जातां येत नाहीं. अडचण दोघांची, तर खर्चही दोघांचा.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. शुल्काची गोष्ट सौद्याच्या आधीं बोलावी, मागाहून काढूं नये. आधीं बोललेलें शुल्क हा किंमतीचा भाग असतो. मागाहून काढलेलें शुल्क ही फसवणूक वाटते, मग रक्कम दहा रुपयांची कां असेना. ‘मला पुरे २००० रुपये मिळाले पाहिजेत’ किंवा ‘माझ्याकडून सर्व मिळून २००० च जातील’, एवढें एक वाक्य प्रथमच उच्चारलें तर पुढचा वाद उद्भवत नाहीं.

हिशेबाची एक खोंच विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. शुल्क शेंकडा २ आणि त्या शुल्कावर शेंकडा १८ जी. एस. टी. धरला, तर एकंदर कपात शेंकडा २.३६ होते. २००० रुपयांवर ती ४७ रुपये २० पैसे. परंतु घेणारानें २०४७ रुपये २० पैसे पाठविले तरी विकणारास पुरे २००० मिळत नाहींत. कारण वाढविलेल्या रकमेवरही कपात बसते, आणि हातीं १९९८ रुपये ८९ पैसे येतात. पुरे २००० मिळावयाचे तर २००० ला ०.९७६४ नें भागलें पाहिजे. उत्तर सुमारें २०४८ रुपये ३४ पैसे येतें. वर्गांत शिकलेलें व्यस्त शेंकडेवारीचें गणित असें बाजारांत उपयोगी पडतें.

या विषयाला धोक्याची एक बाजूही आहे. शुल्काच्या नांवाखालीं लुबाडणारे लोक जुन्या वस्तु विकणाऱ्यांच्याच मागें फार असतात. ‘मीं पैसे पाठविले आहेत, पण ते अडकले आहेत, सोडविण्यासाठीं आधीं शुल्क भरा,’ असें कोणी म्हणाला तर तो घेणारा नव्हे, ठक होय असें समजावें. पैसे स्वीकारण्यासाठीं यूपीआयचा गुप्त पिन कधींही द्यावा लागत नाहीं. पिन लागतो तो पैसे देण्यासाठीं. ‘पैसे मिळण्यासाठीं हें चिन्ह फोननें टिपा आणि पिन घाला,’ असें सांगणारा आपल्याच खात्याला हात घालीत असतो. खरें शुल्क रकमेंतून कापलें जातें किंवा पाठविणाराच्या हिशेबांत लागतें; पैसे मिळण्यापूर्वीं तें अनोळखी माणसाच्या खात्यांत भरावें लागत नाहीं.

शेवटीं, वर सांगितलेल्या नियमांहून थोडें पुढें जाणारी एक गोष्ट. जुनी वस्तु विकणारा नेहमीं अडगळ मोकळी करण्यासाठींच विकतो असें नाहीं. कोणी औषधासाठीं विकतो, कोणी परीक्षेच्या फीसाठीं. त्यास थांबण्याची सोय नसते. म्हणून बाजाराच्या रीतीनें सर्व भार आपोआप त्याच्याच अंगावर सरकतो. बैलवाल्याच्या जकातीविषयीं जें वर सांगितलें तेंच येथें घडतें. कायदा प्रत्येक सायकलीच्या सौद्यांत येऊन बसूं शकत नाहीं. तेथें घेणाराची सदसद्विवेकबुद्धीच काम करील. खरें माप व खरा तराजू यांचा उपदेश आपल्या शाळेंत लहानपणापासून ऐकावयास मिळतो. तराजू आतां फोनमध्यें गेला आहे, परंतु त्याचा कांटा धरणारा हात माणसाचाच आहे. ज्याची गरज मोठी त्याच्याकडून चाळीस-पन्नास रुपयेही घासून घेऊं नयेत, आणि ज्याला परवडतें त्यानें हुंडणावळ हंसतमुखानें सोसावी, असें आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे.