शेऱ्याचा रकाना : तक्त्यातील लांब मजकूर पूर्ण कसा दिसावा

गावपातळीवरील कामात याद्यांना फार महत्त्व आहे. बियाणे वाटप असो, माती परीक्षण असो वा नुकसानीचा पंचनामा असो, प्रत्येक कामाची अखेर एका यादीत होते. पूर्वी ही यादी आखीव नोंदवहीत हाताने लिहिली जाई. जागा अपुरी पडली तर लिहिणारा अक्षर बारीक करी किंवा समासात मजकूर नेई. मजकूर पूर्ण उमटला की नाही, हे त्याला तेथल्या तेथे दिसे. आता यादी संगणकाच्या तक्त्यात, म्हणजे एक्सेल, गूगल शीट्स यांसारख्या साधनांत तयार होते. हा तक्ता जागा संपली की उरलेला मजकूर झाकून टाकतो आणि बहुधा तसे सांगतही नाही.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत नांदेड व लातूर जिल्ह्यांत अतिवृष्टी व पुराने खरिपाची मोठी हानी झाली. अशा प्रसंगी महसूल, कृषी व ग्रामविकास या तिन्ही विभागांचे गावपातळीवरील कर्मचारी मिळून पंचनामे करतात. पीक किती टक्के गेले, जमीन खरडून गेली की केवळ पाणी साचले, बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, यांवर मदतीचा निर्णय ठरतो. या गोष्टी बहुधा ‘शेरा’ या रकान्यात लिहिल्या जातात, आणि यादीतील सर्वांत लांब मजकूर तोच असतो.

मजकूर का झाकला जातो ?

तक्त्यातील प्रत्येक चौकोनास घर म्हणू. घरात लिहिलेला मजकूर आणि घरात दिसणारा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेलच्या एका घरात ३२,७६७ अक्षरचिन्हे मावतात; परंतु रकान्याची मूळ रुंदी जेमतेम आठ-नऊ अंकांइतकी असते. मजकूर लांब झाला आणि उजवीकडचे घर रिकामे असले, तर मजकूर त्या घरावर पसरतो व पूर्ण दिसतो. शेजारच्या घरात काही भरलेले असले, तर मजकूर सीमेवरच तुटलेला दिसतो. म्हणूनच ‘शेरा’ हा रकाना आरंभी ठीक दिसतो आणि पुढील रकान्यात मोबाईल क्रमांक भरताच अर्धा होतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्या घरावर क्लिक केल्यास वरच्या पट्टीत तो पूर्ण वाचता येतो. छापील कागदावर मात्र ती पट्टी नसते.

मराठीत हा दोष विशेष घातक ठरतो. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. ‘बँक खाते आधारशी जोडलेले नाही’ हा शेरा शेवटी तुटला, तर ‘बँक खाते आधारशी जोडलेले’ एवढेच दिसते. ‘तेहतीस टक्क्यांहून अधिक नुकसान आढळले नाही’ यातील शेवटचा शब्द झाकला गेला, तर अर्थ अगदी उलटा होतो. वाचणाऱ्यास वाक्य तुटल्याचा संशयही येत नाही.

उपाय

१. शेऱ्याचा रकाना निवडावा व ‘होम’ या विभागातील ‘रॅप टेक्स्ट’ ही आज्ञा द्यावी. मजकूर त्याच घरात एकाखाली एक ओळींत बसतो. गूगल शीट्समध्ये यासाठी तीन पर्याय आहेत : ‘ओव्हरफ्लो’ म्हणजे पसरू देणे, ‘रॅप’ म्हणजे घडी घालणे आणि ‘क्लिप’ म्हणजे सीमेवर छाटणे. यादीसाठी ‘रॅप’ निवडावा.

२. प्रथम रकाना पुरेसा रुंद करावा, नंतरच घडी घालावी. अरुंद रकान्यात घडी घातल्यास ओळी फार उंच होतात व यादी अनेक पाने खाते.

३. ओळीची उंची हाताने ठरविलेली असल्यास घडी घातलेला मजकूरही झाकला जातो. वरच्या मात्रा व खालचे उकार छाटले जातात. ओळीच्या क्रमांकाखालील सीमारेषेवर दोनदा क्लिक केल्यास उंची आपोआप जुळते. एकत्र जोडलेल्या, म्हणजे ‘मर्ज’ केलेल्या घरांत ती आपोआप जुळत नाही. म्हणून नोंदींच्या ओळींत घरे जोडू नयेत.

४. ठराविक ठिकाणी नवी ओळ हवी असल्यास एक्सेलमध्ये ‘आल्ट’ कळ दाबून ‘एंटर’ दाबावी. जागा जुळविण्यासाठी मोकळ्या जागा टाकीत बसू नये.

५. ‘श्रिंक टू फिट’ या आज्ञेने अक्षर लहान होऊन मजकूर घरात मावतो. लांब शेऱ्यात ते इतके बारीक होते की जोडाक्षरे वाचवत नाहीत. आखूड मथळ्यांपुरताच तिचा उपयोग करावा.

६. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे शेरा मुळातच आखूड ठेवणे. नुकसानीचे कारण, बाधित क्षेत्र, टक्केवारी व आधार जोडणी यांना स्वतंत्र रकाने द्यावेत. ‘आधार जोडणी’ या रकान्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. निर्णायक शब्द मग वाक्याच्या टोकाला लटकत राहत नाही, आणि ‘नाही’ असलेल्या नोंदी क्षणात वेगळ्या काढता येतात.

अंकांविषयी दक्षता

अंक व तारखा रकान्यात न मावल्यास #### अशी चिन्हे दिसतात. रकाना रुंद केल्यावर ती जातात. याहून गंभीर गोष्ट लांब क्रमांकांची आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक राखते. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो व तो परत मिळत नाही. आरंभीची शून्येही गळतात. गट क्रमांक ५/२ इंग्रजी अंकांत लिहिल्यास तक्ता त्यास तारीख समजतो. असे रकाने भरण्यापूर्वीच त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठरवावा. मागाहून बदल केल्याने गेलेला अंक परत येत नाही.

छपाईपूर्वी

यादी छापण्यापूर्वी ‘प्रिंट प्रिव्ह्यू’ अवश्य पाहावा. कागद आडवा घ्यावा, सर्व रकाने एका पानाच्या रुंदीत बसवावेत व मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर येईल अशी योजना करावी. नंतर सर्वांत लांब शेरे असलेल्या चार-पाच नोंदी शेवटच्या शब्दापर्यंत वाचून मूळ पंचनाम्याशी ताडून पाहाव्यात.

शेतकरी बंधूंनीही गावात लागलेल्या यादीत केवळ आपले नाव आहे एवढे पाहून परतू नये. आपल्या नावापुढील शेरा शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा. वाक्य अपुरे वाटल्यास संबंधित कर्मचाऱ्याकडून ते घर संगणकावर उघडून पूर्ण वाचून घ्यावे. शेतात उभे राहून केलेली पाहणी कितीही चोख असली, तरी निर्णय घेणाऱ्यापुढे कागदच जातो. म्हणून त्या कागदावर पूर्ण वाक्य दिसणे हा पंचनाम्याचाच एक भाग समजावा.