देशाला नाव देऊन बाजूला पडलेलं बेट

लांबी जेमतेम तीन किलोमीटर. रुंदी जिथे सर्वांत जास्त, तिथेही अर्धा किलोमीटरच. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या मोझांबिकला त्याचं नाव मिळालं ते एवढ्याशा बेटावरून. तिथले माकुवा लोक त्याला ओमुहिपिती म्हणतात, पोर्तुगीज बोलणारे नुसतं ‘इल्या’, म्हणजे बेट. मुख्य भूमीवरून तीन किलोमीटरहून लांब असा एकपदरी पूल इथे येतो. समोरून गाडी आली की जागा बघून थांबावं लागतं.

1498 च्या मार्चमध्ये कालिकतच्या वाटेवर वास्को द गामा इथे टेकला, तेव्हा बेट ओसाड नव्हतं. अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांची नांदती पेठ होती, शेख होता, बंदरात गलबतं होती. पोर्तुगीजांनी काही वर्षांतच ठाण मांडलं. उत्तर टोकावर 1522 मध्ये बांधलेलं नोस्सा सेन्योरा दु बालुआर्ते हे छोटं प्रार्थनाघर दक्षिण गोलार्धातली सर्वांत जुनी युरोपीय वास्तू मानतात. त्याच टोकाचा सेंट सेबॅस्टियन किल्ला 1558 मध्ये सुरू झाला आणि पुरा व्हायला साठेक वर्षं लागली. मधेच 1607 आणि 1608 मध्ये डचांनी वेढे घातले, पण किल्ला पडला नाही. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. म्हणून किल्ल्याच्या गच्च्यांवरचं पावसाचं पाणी पन्हळींतून खालच्या टाक्यांत साठवण्याची सोय केली गेली. तोफा गंजून गेल्या, टाक्या मात्र कामी येत राहिल्या. आपल्या काळातही आसपासच्या बायका डोक्यावर भांडी घेऊन तिथून पाणी नेत आल्या आहेत.

गोव्याशी या बेटाचं नातं कारभाराचं होतं. मोझांबिकचा हिशेब आणि हुकूम दोन्ही गोव्यातून चालत. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तेरा वर्षांनी, 1752 मध्ये, लिस्बनने मोझांबिकला गोव्यापासून वेगळं केलं. लिस्बनहून गोव्याला जाणारी जहाजं इथे मोसमी वाऱ्याची वाट बघत थांबत. गोव्याहून परतणारा कवी कामोंइश 1567 ते 1569 असा इथे अडकला, परतीच्या भाड्यालाही पैसे नसल्यामुळे. इतिहासकार दियोगु दु कोतोला तो मित्रांच्या जिवावर जगताना दिसला. पुढे हाच कोतो गोव्याच्या दप्तरखान्याचा रखवालदार झाला. व्यापार मात्र गुजरात्यांचा. 1686 मध्ये दीवच्या वाण्यांच्या महाजनाला दीव–मोझांबिक व्यापाराचा मक्ता मिळाला. दीवहून कापड यायचं, इथून हस्तिदंत जायचं. बेटावर आजही मशिदी, चर्च आणि हिंदू देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

हस्तिदंताबरोबर माणसंही विकली गेली. अठराव्या शतकात फ्रेंचांच्या ऊसमळ्यांसाठी आणि ब्राझीलसाठी गुलामांची मागणी वाढत गेली. 1794 च्या डिसेंबरमध्ये ‘साव जोझे’ हे जहाज चारशेहून अधिक गुलाम घेऊन इथून ब्राझीलकडे निघालं आणि केपटाउनजवळ खडकांवर फुटलं. दोनशेहून अधिक गुलाम बुडाले. जे वाचले, त्यांना केपमध्ये पुन्हा विकलं. 2015 मध्ये तिथे सापडलेले अवशेष त्याच जहाजाचे असल्याचं जाहीर झालं, तेव्हा बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या माकुवा प्रमुखांनी टोपलीत माती दिली आणि पाणबुड्यांनी ती बुडाल्या जागी नेऊन टाकली.

बेटाचे दोन भाग आहेत आणि मला विचाराल तर खरा इतिहास त्या दोहोंच्या सीमेवर आहे. उत्तरेला दगड-चुन्याचं शहर: गव्हर्नरचा लाल राजवाडा, 1877 चं पांढरंशुभ्र इस्पितळ, आतून चौक असलेले वाडे. दक्षिणेला माकुटी, म्हणजे झापांनी शाकारलेल्या घरांची वस्ती. वरच्या इमारतींसाठी लागलेला दगड खालच्या भागातून खणून काढला. त्या खाणींच्या खड्ड्यांत मजुरांची, पूर्वीच्या गुलामांची घरं उभी राहिली. रस्त्यावर उभं राहिलं तर काही ठिकाणी छपरं पायाच्या पातळीवर दिसतात. पाऊस झाला की पाणी घरांत शिरतं. बेटावरचे बहुतेक लोक आजही इथेच राहतात. पर्यटकांच्या फोटोंत मात्र राजवाडाच येतो.

1898 मध्ये राजधानी या बेटावरून दूर दक्षिणेला लोरेन्सु मार्केशला, म्हणजे आजच्या मापुतोला गेली, कारण ट्रान्सवालच्या सोन्याची वाट तिथून होती. जवळच्या नाकालाच्या खोल बंदराने उरलासुरला व्यापारही नेला. 1961 च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, त्याचा राग पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला: छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त केली, देशाबाहेर घालवलं. पुढच्याच वर्षी फ्रेलिमो ही मुक्ती आघाडी स्थापन झाली आणि 1964 पासून उत्तरेत सशस्त्र लढा पेटला. बेटावर लढाई झाली नाही. लिस्बनमध्येच 1974 ला हुकूमशाही कोसळली आणि 25 जून 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झालं. अध्यक्ष समोरा माशेल. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे त्यांचे जवळचे सल्लागार. 1986 च्या विमान अपघातात दोघेही गेले.

पोर्तुगीज गेले, वाडे ओस पडले, भिंतींतून झाडं उगवली. 1977 ते 1992 च्या यादवीत मुख्य भूमीवरचे निर्वासित बेटावर आले आणि माकुटीत दाटी झाली. 1990 च्या घटनेने देशाच्या नावातलं ‘जनता’ काढून नुसतं प्रजासत्ताक ठेवलं, अनेक पक्षांना वाट दिली, 1994 मध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली. सत्ता मात्र 1975 पासून फ्रेलिमोकडेच आहे. स्वातंत्र्यानंतर हटवलेला वास्को द गामाचा पुतळा राजवाड्यासमोर परत उभा आहे. राजवाड्यात संग्रहालय आहे, त्यातलं बरंच कोरीव फर्निचर इंडो-पोर्तुगीज घडणीचं. 1991 पासून बेट जागतिक वारसा यादीत आहे, पण 2022 चं गोम्बे चक्रीवादळ यादी बघून आलं नाही. माकुटीची छपरं त्यात उडाली आणि झापांच्या जागी पत्रे येणं काही थांबलेलं नाही.

जायचं असेल तर नाम्पुलापर्यंत विमान आणि पुढे गाडीने तीनेक तास. मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने बरे, मलेरियाची काळजी घ्या. शेजारच्या काबु देल्गादु प्रांतात 2017 पासून बंडखोरी धुमसते आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या दूतावासाची ताजी सूचना वाचा. आणि किल्ल्यात एक तास घालवणार असाल, तर माकुटीत दोन तास ठेवा.