आधी पाणी, मग मासे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या धुळ्याच्या दवाखान्यात एक ज्येष्ठ गृहस्थ आले. वय चौऱ्याहत्तर, एस.टी.त वाहक म्हणून नोकरी झालेली, पत्नीला जाऊन वर्ष लोटलेले. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.) त्यांचा रक्तदाब नेहमीपेक्षा चढलेला होता. गोळ्या नियमित चालू होत्या, जेवणात मीठही बेताचे होते. काही घडले का, असे विचारल्यावर बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घरातले मासे मेले. बाराच्या बारा. आता माझ्या हातून काही जगत नाही."

झाले होते असे, की पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने वडिलांना सोबत व्हावी म्हणून माशांची टाकी आणली. रविवारी दुपारी ती मांडली, नळाचे पाणी भरले, संध्याकाळी त्यात चार गोल्डफिश आणि आठ रंगीत मासे सोडले आणि रात्रीच्या गाडीने तो परत गेला. नवव्या दिवशी टाकीत एकही मासा उरला नव्हता. वडिलांनी आपल्या परीने सेवेत कसूर केली नव्हती. दिवसातून चार वेळा खाऊ घातला होता आणि पाणी गढूळ दिसताच ते सगळे उपसून टाकी लख्ख घासली होती.

मला त्यांचे निदान करायला वेळ लागला नाही, कारण काही वर्षांपूर्वी माझ्याच दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात मी एक टाकी अगदी याच पद्धतीने संपवली होती. रुग्णांसमोर रोज एकेक मासा पोटावर तरंगताना दिसणे डॉक्टरला फारसे शोभत नाही!

वाचकहो, घरात पहिली टाकी आणण्याचा विचार असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. आपण मासे पाळत नाही, पाणी पाळतो. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि न खाल्लेले अन्न कुजले की त्यात भर पडते. नदीत हे विष वाहून जाते, काचेच्या टाकीत ते साठते. क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाच्या घरी हे फार समजावून सांगावे लागणार नाही. मूत्रपिंड काम करीत नसेल तर शरीरात जे घडते, तेच नव्या टाकीत घडते. टाकीचे मूत्रपिंड म्हणजे तिच्यातील वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्तीला येणारे जिवाणू. त्यांची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. पहिली दोन्ही द्रव्ये माशांना घातक आहेत, तिसरे बेताच्या प्रमाणात सोसते. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी कितीही सुंदर दिसली तरी तिला मूत्रपिंड नसते. आमच्या वाहकसाहेबांनी टाकी घासली तेव्हा जी थोडीफार वस्ती जमली होती, तीही धुऊन गेली.

म्हणून पहिला महिना माशांवाचून काढावा. टाकी मांडावी, पाणी भरावे, फिल्टर अहोरात्र चालू ठेवावा आणि पाण्यात रोज माशांच्या खाऊची चिमूट टाकावी. तो खाऊ कुजून अमोनिया तयार होईल आणि त्यावर जिवाणू पोसले जातील. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातील स्पंजाचा तुकडा मागून आणावा, त्याने काम लवकर होते. विरजणाशिवाय दही लावायचे आणि विरजण घालून लावायचे, यांत जितका फरक, तितकाच हा. पाणी तपासण्याचे संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही शून्य दिसू लागली की मगच मासे आणावेत.

टाकीच्या आकाराबद्दल घरोघरी गैरसमज आहे. लहान भांडे सांभाळायला सोपे, असे वाटते. प्रत्यक्षात पाणी जितके थोडे, तितके ते लवकर बिघडते आणि लवकर तापते. गोल काचेचा वाडगा तर आणूच नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते; वरची थोडी जागा सोडली तर ५० लिटर धरावे. काच आणि वाळू धरून हे वजन सत्तर किलोच्या आसपास जाते. तेव्हा टाकी लटपटत्या टेबलावर किंवा टी.व्ही.च्या कपाटावर नको. भक्कम, सपाट आणि इतक्या उंचीचा ओटा हवा, की खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर टाकीच्या मध्यावर पडेल. खिडकीतून थेट ऊन येत नसावे, अन्यथा पाणी शेवाळाने हिरवे होईल.

आता आपल्या खानदेशाच्या पाण्याचा विचार करू. आपल्याकडे नळाला पाणी रोज येतेच असे नाही, त्यामुळे साठवणीची सवय सर्वांना आहे. ही सवय इथे उपयोगी पडते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना आणि त्या जिवाणूंना, दोघांनाही मारक आहे. प्लास्टिकच्या उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवले की ते बहुतांशी उडून जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरिन घालवणारे थेंब मिळतात. मात्र तांब्याच्या हंड्यातील पाणी टाकीत कधीही घालू नये. आपल्या पिण्यासाठी ते आपण आवडीने ठेवतो, पण तांबे माशांना अत्यंत विषारी आहे. बादलीवर पातळ फडके बांधायला विसरू नये, नाहीतर माशांसाठी साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतील आणि मला वेगळा लेख लिहावा लागेल.

कूपनलिकेचे पाणी आपल्याकडे बहुधा जड असते. चहाच्या पातेल्यात आणि गिझरमध्ये जो पांढरा थर बसतो, तो त्याचाच. सर्वच माशांना हे पाणी मानवत नाही, परंतु गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना मात्र तेच आवडते. म्हणून पहिल्या टाकीसाठी माझी शिफारस गप्पीची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात 'गप्पी मासे पैदास केंद्र' अशी पाटी असलेला हौद आपण पाहिला असेल. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग जे करडे मासे सोडतो, त्यांचीच ही रंगीत शेपटीची भावंडे. गप्पी हे आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्रिनिदाद बेटावरील रॉबर्ट जॉन लेक्मिअर गप्पी यांच्यावरून १८६६ मध्ये या माशाचे नामकरण झाले. पुढे असे आढळले, की १८५९ मध्येच त्याला दुसरे शास्त्रीय नाव देऊन झाले होते. शास्त्राने जुने नाव राखले, लोकांनी गप्पी राखले. गप्पीची मादी पिल्लांना जन्म देते आणि तेही दर महिन्याला. पिल्ले नको असतील तर फक्त नर आणावेत. रंग त्यांनाच अधिक असतो. आरंभी पाच-सहाच आणावेत आणि दोनतीन आठवडे ठीक गेल्यावर आणखी चार. दुकानातली पिशवी टाकीच्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवावी, थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे, मग जाळीने मासे अलगद सोडावेत. जास्त झाले म्हणून गिरणेत किंवा पांझरेत मात्र सोडू नयेत, तिथल्या देशी माशांचा घास ते हिरावतात.

गोल्डफिशबद्दल स्पष्टच सांगतो. तो थंड पाण्याचा, मोठा होणारा आणि पुष्कळ घाण करणारा मासा आहे. जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना, दोन फुटी टाकीत त्याला ठेवणे मला पटत नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप बंद पडता कामा नये; वीज जाते तेव्हा तो इन्व्हर्टरवर असावा. टाकीचे झाकण काढून जाळी घालावी, दिवा बंद ठेवावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा वाहू द्यावा. माठ गार होतो त्याच न्यायाने पाणी दोनतीन अंशांनी उतरते. बर्फ थेट टाकू नये. धुळ्याच्या थंडीत उलट नियंत्रक असलेला हीटर लागतो, आणि त्याचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे बारा लिटर पाणी बदलावे. सगळे कधीच नाही. स्पंज नळाखाली न धुता, काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. इथे काळजीवाहकांना विनंती आहे, की भरलेली बादली ज्येष्ठांना उचलू देऊ नका. तीन लिटरच्या लहान भांड्याने चार खेपा करा, नाहीतर लांब नळी थेट मोरीत सोडा. ओल्या फरशीवर पाय घसरून मोडलेली खुब्याची हाडे मी पुष्कळ पाहिली आहेत. नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये, हाताने दाबायचा रबरी फुगा मिळतो. मधुमेहींनी किंवा हाताला जखम असणाऱ्यांनी लांब हातमोजे घालावेत. टाकीच्या पाण्यात 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' नावाचा क्षयाच्या कुळातील जिवाणू असू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, न भरणारी गाठ येते आणि साधे गळू समजून औषधे चालू राहतात. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरी टाकी आहे, हे आवर्जून सांगावे.

या सगळ्या खटाटोपातून मिळते काय? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या एडवर्ड्स आणि बेक या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या भोजनगृहांत माशांच्या टाक्या ठेवल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६२ रुग्ण होते. त्यांचे खाणे वाढले आणि सोळा आठवड्यांत वजन सरासरी पाऊण किलोने वाढले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला दोन घास जास्त भरवणे किती कठीण असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पाऊण किलोचे मोल कळेल. तरीही टाकीमुळे रक्तदाबाच्या गोळ्या सुटतात, असे मी कोणाला सांगत नाही आणि कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

वाहकसाहेबांनी दिवाळीनंतर पुन्हा टाकी भरली. महिनाभर त्यांच्या घरी नुसते पाणी होते; शेजारी येऊन हसत असत. सहा गप्पी आले ते डिसेंबरात. त्यांची खरी अडचण खाऊची होती. एकदा दिला की नाही, हे त्यांना आठवत नसे आणि मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिला जाई. औषधांसाठी सात वारांचा डबा मिळतो, तसाच एक वेगळ्या रंगाचा डबा मी त्यांना घ्यायला लावला. रविवारी त्यात प्रत्येक वाराची चिमूट भरायची, दोन मिनिटांत संपेल एवढीच. कप्पा रिकामा दिसला की त्या दिवसाचे झाले. हा डबा टाकीजवळ आणि गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत, हे मात्र कटाक्षाने पाळले. आता ते सकाळी उठून आधी टाकीसमोर बसतात आणि मग स्वतःचा नाश्ता करतात. पूर्वी तो अकरापर्यंत झाकलेला पडून असे. रक्तदाबाची गोळी तीच आहे, मात्राही तीच. फेब्रुवारीत एक मासा गेला. गप्पीचे आयुष्यच दीडदोन वर्षांचे असते आणि दुकानातून येताना तो किती वयाचा होता, हे आपल्याला कळत नाही, असे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. या खेपेला त्यांनी तो कुंडीत पुरला आणि मला पुढच्या तपासणीच्या वेळी सहज सांगितले.

मार्चमध्ये ते आठ दिवसांसाठी मुलाकडे पुण्याला गेले. निरोगी मोठे मासे चारपाच दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही, शेजाऱ्यांच्या उदार हाताने मात्र होते. म्हणून निघताना त्यांनी शेजारच्या नातीकडे तो सात वारांचा डबा दिला, त्यातले तीनच कप्पे भरलेले.