आकाशातून अरण्य

चैत्राच्या उन्हात मेळघाटात गेलेल्या नवख्या माणसाला सागाची उघडीबोडकी खोडे पाहून वाटते, की हे अरण्य मेले. मृगाच्या चार सरी पडल्या की त्याच खोडांना सुपाएवढी पाने फुटतात. आपल्याला हे ठाऊक असते, उपग्रहाला नसते. उपग्रह अरण्य पाहत नाही. तो जमिनीवरून परत आलेला प्रकाश तेवढा मोजतो.

हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडे किरण अन्न बनविण्यासाठी शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. उजाड जमिनीवर या दोहोंत एवढी तफावत पडत नाही. तांबडे कमी आणि अवरक्त अधिक, तेथे पालवी दाट, असा हा साधा हिशेब आहे. म्हणूनच आपले भारतीय वन सर्वेक्षण शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमधील चित्रे घेते. तेव्हा ढग विरळ असतात, आणि पानेही झाडांवर असतात.

पण हिशेब साधा म्हणून उत्तर एकच येते, असे मात्र नाही. १९८०–८२ च्या उपग्रहचित्रांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने देशातील वनाच्छादन ४.६३ कोटी हेक्टर काढले. १९८१–८३ च्या चित्रांवरून वन सर्वेक्षणाने १९८७ च्या आपल्या पहिल्या अहवालात आकडा दिला ६.४२ कोटी! दोहोंतील अंतर महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठे. एवढी अरण्ये काही वर्षादोन वर्षांत उगवली नव्हती. चित्रे वाचणारी दृष्टी वेगळी होती.

आजही प्रश्न दृष्टीचाच आहे. एक हेक्टर वा अधिक जागेत झाडांच्या छत्राने निदान दहा टक्के जमीन झाकली, की सर्वेक्षण तिला वनाच्छादन म्हणते. मालक कोण, झाड कोणते, हे विचारीत नाही. त्यामुळे कोकणातील काजूची बाग यात येते आणि शेजारची देवराईही येते. श्रावणात फुलांनी भरून जाणारा कातळसडा मात्र वगळला जातो, कारण तेथे झाडे नाहीत. व्याख्या सोयीची आहे हे मान्य. परंतु देवराई तोडून काजू लावला तर काही वर्षांनी आकडा पुन्हा जिथल्या तिथे येतो, ही गोष्ट मला तरी स्वस्थ बसू देत नाही.

यावर एक नवे साधन निघाले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठविलेले ‘जेडी’ हे यंत्र लेसरचे किरण खाली सोडते. काही प्रकाश शेंड्यावरून परततो, काही फांद्यांच्या थरांतून, उरलेला जमिनीवरून. त्या परतण्याच्या वेळांतून झाडांची उंची आणि मधले थर समजतात. उंच, थरांची देवराई आणि ठेंगणी, एकसारखी बाग यांतला भेद येथे उमटू शकतो. मात्र त्या उंचीवरून लाकडाचे वजन काढावयाचे, तर कोणीतरी आधी रानात जाऊन, छातीइतक्या उंचीवर खोडाला फीत गुंडाळून, घेर वहीत टिपून ठेवलेला असावा लागतो.