लूथरच्या प्रदेशातील ओहोटी

मार्टिन लूथरने १५१७ साली ज्या विटेनबर्गमधून धर्मसुधारणेचा झेंडा उभारला, ते गाव आज जर्मनीच्या पूर्वेकडील, सर्वांत कमी धार्मिक पट्ट्यात येते. तिथले बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत.

जर्मनीचा धर्माचा नकाशा पूर्वीपासूनच विभागलेला होता. १५५५च्या आउग्सबुर्ग तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा ठरला. बव्हेरिया कॅथलिक राहिला, सॅक्सनी प्रोटेस्टंट. पण दोन्हीकडे मूल जन्मले की बाप्तिस्मा ठरलेला. १९५०मध्ये साम्यवादी पूर्व जर्मनीतही दहांपैकी नऊजण चर्चचे सभासद होते.

सरकारने चर्चला सरसकट टाळे ठोकले नाही. त्याने चौदा वर्षांची मुले हेरली. या वयात चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी होत असे. १९५४मध्ये त्याला पर्याय म्हणून ‘युगेंडवाय्हे’ हा निधर्मी समारंभ सुरू झाला. त्याला नकार दिला, तर पुढे विद्यापीठाचे दार बंद होण्याची धास्ती होती. आईबाप मुलाच्या भविष्याकडे पाहून निर्णय घेऊ लागले. १९६८मध्ये लाइपझिगचे विद्यापीठ चर्च सुरुंगाने उडवले गेले, पण त्याहून खोल घाव त्या समारंभाने घातला होता. दृढीकरणापाठोपाठ बाप्तिस्माही मागे पडला, आणि बाप्तिस्मा न झालेली मुले पुढे स्वतः आईबाप झाली. त्यांच्या घरात सोडण्याजोगे काही उरले नव्हते.

९ ऑक्टोबर १९८९ला याच लाइपझिगमध्ये निकोलाय चर्चमधील प्रार्थनेनंतर सुमारे सत्तर हजार लोक सरकारविरोधात रस्त्यावर उतरले. चर्चने विरोधकांना आसरा दिला, पुढे योआखिम गाउक हे पाद्री राष्ट्राध्यक्षही झाले. बाके मात्र भरली नाहीत. उलट दोन्ही जर्मनींच्या एकीकरणाबरोबर पश्चिमेकडचा, सभासदांना द्यावा लागणारा चर्चकर आला आणि उरलेसुरलेही बाहेर पडू लागले. युगेंडवाय्हे मात्र सक्ती संपल्यावरही घरगुती सोहळा म्हणून टिकून राहिला.

याला अपवाद थुरिंजियातील आइक्सफेल्डचा. शतकानुशतके माइन्झच्या आर्चबिशपच्या सत्तेखाली असलेला हा कॅथलिक मुलूख साम्यवादी काळातही यात्रा आणि सण धरून राहिला. २०११मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे तिथे प्रार्थनेला आले होते. चहूबाजूंनी प्रोटेस्टंट वस्ती असल्याने कॅथलिक असणे हीच तिथल्या गावांची ओळख होती.

पश्चिमेकडे गळती उशिरा लागली. कारण होते आयकराच्या आठ-नऊ टक्के चर्चकर आणि त्यात कॅथलिक चर्चमधील मुलांच्या लैंगिक शोषणाचा २०१८चा अहवाल. त्याच वर्षी बव्हेरियाने सरकारी इमारतींच्या प्रवेशद्वारी क्रूस लावण्याचा आदेश काढला, तरी सभासदांचे राजीनामे थांबले नाहीत. २०२२मध्ये पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी चर्च सोडले आणि तोवर कॅथलिक व प्रोटेस्टंट या दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळून देशाच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी झाले होते.

पूर्वेची घसरण सरकारने घडवली, पश्चिमेची चर्चने स्वतःच्या करणीने वाढवली. तरी या साऱ्या काळाचा निष्कर्ष एकच निघतो: श्रद्धा घरातून मुलांकडे जाते, आणि ती साखळी दोन पिढ्या तुटली की नुसते स्वातंत्र्य ती पुन्हा जोडून देत नाही.