मौनातून निघालेला ठराव

फिलाडेल्फियाजवळच्या वॉलिंगफर्ड गावात ‘पेंडल हिल’ नावाचं क्वेकर पंथीयांचं अभ्यासकेंद्र आहे, १९३० पासूनचं. तिथे रोज सकाळी साडेआठला सामुदायिक प्रार्थना होते. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा ही प्रार्थना झूमवर गेली, आणि दारं पुन्हा उघडल्यावरही पडद्यावरची बैठक चालूच राहिली. आपल्या घड्याळात ही वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी सहाची आणि हिवाळ्यात सातची, म्हणजे ऐन दिवेलागणीची. पडद्यावर चौकटी जमतात. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे स्वयंपाकघर, कुणी नुसतंच नाव. मग सुमारे चाळीस मिनिटं सगळे गप्प बसतात. पाद्री नाही, वेदी नाही, भजन नाही, ठरलेला पाठ नाही. एखाद्याला आतून काही सांगावंसं वाटलंच तर तो माइक उघडून दोन-चार वाक्यं बोलतो, माइक बंद करतो, आणि पुन्हा सगळे शांत होतात. सभा संपली की प्रत्यक्षात शेजाऱ्याशी हस्तांदोलन करण्याची रीत आहे. पडद्यावर त्याऐवजी हात हलवतात.

पंथाचं औपचारिक नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. १६५२ च्या सुमारास जॉर्ज फॉक्स या विणकराच्या मुलाने उत्तर इंग्लंडमध्ये त्याला आकार दिला. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे आणि शांत बसलं तर तो थेट ऐकू येतो, ही त्यांची मूळ श्रद्धा. मधे पुरोहित नको, हे त्यातून ओघानेच आलं. त्याच ओघात पुढचंही आलं: अंश प्रत्येकात असेल तर कुणाला गुलाम करता येणार नाही, कुणावर शस्त्र उगारता येणार नाही, कुणापुढे टोपी काढून झुकायचं कारण नाही. ध्यान आणि सामाजिक न्याय ही दोन निराळी खाती त्यांनी कधी उघडलीच नाहीत. मात्र एकातून दुसरं निघायला फार वेळ लागतो, कधी कधी शंभर वर्षं. पडद्यावरच्या मौनाचं मोल जोखायचं तर हा वेळेचा हिशेब मांडावा लागतो.

आधी मौनाबद्दल. एका खोलीत तीस माणसं शांत बसली की ती शांतता भरीव असते. खुर्ची कुरकुरते, कुणी खोकतं, बाहेर पाऊस लागतो. त्या बारीक आवाजांमुळेच आपण एकत्र आहोत हे कळत असतं. झूमवर सगळ्यांचे माइक बंद असतात, आणि उघडे ठेवले तरी मागचे आवाज गाळून टाकायची सोय त्या यंत्रणेतच आहे. म्हणून जोडणी तुटली आहे की सभा रंगली आहे, हे पहिल्या दिवसांत कळेनासं व्हायचं. यावर तोडगे निघाले ते साधे होते. स्वतःचा चेहरा दिसणं बंद करायचं. चॅट बंद ठेवायचं. सुरुवातीला सगळ्यांची तोंडं एकदा पाहून घ्यायची आणि मग डोळे मिटायचे. मौनाची राखण करणारी दोन-तीन अनुभवी माणसं प्रत्यक्ष सभेतही असतात. पडद्यावर त्यांच्यातला एक जण तांत्रिक बाजू सांभाळतो, म्हणजे भलताच कुणी घुसला तर त्याला बाहेर काढता येतं.

हे मूळ रूपाचं पाणी घातलेलं रूप आहे, असा आक्षेप खुद्द त्या समाजातच अनेकांनी घेतला. तो वजनदार आहे. पण त्यांचाच इतिहास वेगळी साक्ष देतो. १६६४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून, राजमान्य चर्चच्या बाहेर पाचांहून अधिक माणसांनी उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरवलं. क्वेकर लपले नाहीत, आणि हजारोंनी तुरुंगात गेले. रेडिंग आणि ब्रिस्टल इथे तर मोठी माणसं सगळी कोठडीत, तेव्हा मुलांनी सभा चालू ठेवल्या. या विखुरलेल्या लोकांना बांधून ठेवलं पत्रांनी. मार्गारेट फेल या बाईंचं स्वार्थमोर हॉल हे घर त्या पत्रव्यवहाराचं केंद्र होतं. कोण कुठे अटकेत आहे, कुणाच्या घरी पैसे पोचवायचे आहेत, कुणाचं मन डळमळतंय, हे सगळं तिथे यायचं आणि तिथून पुढे जायचं. फॉक्सची पत्रं गावोगावच्या सभांत वाचली जात. अंतरावरून एकत्र असणं या समाजाला नवं नव्हतं.

आता कटू भाग. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार रहिवाशांनी एक अर्ज लिहिला. आपण स्वतः छळातून पळून इथे आलो आणि इथे माणसं विकत घेतो, हे कसं, असा त्यातला सवाल. अर्ज मासिक सभेकडे गेला. विषय फार जड आहे, असं म्हणून तिने तो त्रैमासिक सभेकडे धाडला, तिने वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने तो बाजूला ठेवला. तेव्हा त्या सभांमध्ये बसणारे कित्येक जण गुलामांचे मालक होते. वसाहतीचा संस्थापक विल्यम पेनही त्यांपैकीच. ही माणसं ढोंगी नव्हती. दर आठवड्याला ती मनापासून शांत बसत. पण ज्याचं ऐकायचं तो माणूसच खोलीत नसेल, तर मौन अन्यायावर पांघरूण घालतं, हे तिथे लख्ख दिसतं.

ते पांघरूण ओढून काढणारा एक माणूस होता. बेंजामिन ले, जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला. बार्बाडोसमध्ये दुकान चालवताना त्याने मळ्यांवरचे हाल पाहिले होते. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो अंगरखा घालून आला. आत सैनिकी वेश, कमरेला तलवार आणि हातात पोखरलेलं पुस्तक. त्या पोकळीत लाल बेरीच्या रसाने भरलेली पिशवी. माणसांना गुलामीत ठेवणाऱ्यांचं रक्त असंच सांडेल, अशा अर्थाचं बोलून त्याने तलवार पुस्तकात खुपसली. रस आसपासच्यांवर उडाला. त्याला उचलून बाहेर काढण्यात आलं आणि समाजातून त्याचं नाव कमी झालं. त्याच्या आदल्या वर्षी त्याने गुलामीविरुद्ध लिहिलेलं पुस्तक बेंजामिन फ्रँकलिनने छापलं होतं, पण मुद्रक म्हणून आपलं नाव त्यावर घातलं नव्हतं.

जॉन वूलमन दुसऱ्या प्रकृतीचा. न्यू जर्सीचा हा शिंपी गावोगाव पायी फिरून गुलाममालकांच्या घरी उतरे, त्यांच्याशी हळू आवाजात बोले, आणि निघताना ज्या गुलामांनी आपली सेवा केली त्यांचे पैसे देऊन जाई. यजमानाला याहून अवघड पाहुणा मिळणं कठीण. ले आणि वूलमन दोघेही लागले. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांच्या खरेदी-विक्रीत गुंतलेल्यांवर कारवाई सुरू केली. ते म्हाताऱ्या लेच्या कानावर पडलं, आणि पुढच्या वर्षी तो वारला. १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला समाजात जागा उरली नाही. जर्मनटाउनच्या अर्जानंतर ८८ वर्षांनी. त्यानंतर मात्र वेग आला. लंडनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, तेव्हा बारा संस्थापकांत नऊ जण क्वेकर होते.

हा इतिहास पुन्हा उकरून काढला तो झूमच्या या काळातल्या सभांनी, आणि त्यांतली एक पूर्णपणे पडद्यावर झाली. ब्रिटनच्या क्वेकरांची २०२० ची वार्षिक सभा महासाथीमुळे रद्द झाली. २०२१ च्या उन्हाळ्यात ती संपूर्ण ऑनलाइन भरली. तिथे त्यांनी स्वतःला वंशवादाविरुद्ध सक्रिय राहणारा समाज व्हायला बांधून घेतलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात, काही जण लंडनच्या सभागृहात आणि काही घरून सामील असताना, आणखी मोठा निर्णय झाला: अटलांटिकपारचा गुलामांचा व्यापार, वसाहतवाद आणि त्यातून झालेलं आर्थिक शोषण यांत आपल्या समाजाचा वाटा होता, म्हणून त्याची भरपाई करण्यासाठी प्रत्यक्ष पावलं उचलायची. मुख्यालयातल्या एका दालनाचं विल्यम पेन हे नाव २०२१ मध्येच काढून टाकायचं ठरलं होतं. त्या दालनाला आता बेंजामिन लेचं नाव आहे.

हे निर्णय मतदानाने होत नाहीत. क्वेकरांच्या कामकाजी सभेत बहुमत ही कल्पनाच नाही. माणसं मौनात बसतात, एक जण उठून बोलतो, पुन्हा मौन. दुसऱ्याच्या बोलण्याचं खंडन करायला कुणी उठत नाही. सभा कुठल्या दिशेने चालली आहे हे अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती ओळखते, तिथल्या तिथे ठराव लिहिते आणि वाचून दाखवते. शब्द बदलतात, पुन्हा वाचन होतं. सगळ्यांचं समाधान झालं की ‘अशी आशा आहे’ एवढंच म्हणून तो स्वीकारतात. एकट्या माणसाच्या हरकतीवर ठराव वर्षभर थांबू शकतो. शेकडो चौकटींच्या सभेत हे करणं अवघड असतं, कारण सभेची दिशा ओळखायला जे अंग लागतं, म्हणजे माना, खांदे, रोखलेले श्वास, ते पडद्यावर दिसत नाही. दुसऱ्या बाजूला, मसुदा सगळ्यांसमोर अक्षरांत येतो, कमी ऐकू येणाऱ्याला बोलणं वाचता येतं, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस प्रथमच ठरावाच्या वेळी हजर असतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत या समाजाच्या कामकाजात बायका आणि पुरुष वेगळे बसत. दार कुणासाठी किती उघडं, यावर मौनातून काय निघेल हे बरंचसं ठरतं, असं मला वाटतं.

बर्मिंगहॅमचं ‘वुडब्रुक’ हे याच समाजाचं दुसरं मोठं केंद्र. चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरींनी आपलं राहतं घर त्यासाठी दिलं आणि १९०३ मध्ये ते सुरू झालं. गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले गांधीजी १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे राहून गेले. महासाथीच्या आधीपासून वुडब्रुक ऑनलाइन मौनसभा भरवत होतं. २०२३ मध्ये त्याने ती वास्तूच सोडली. आता त्याचं शिक्षण मुख्यतः पडद्यावर आणि ठिकठिकाणच्या सभाघरांत चालतं. जुन्या माणसांच्या जिवाला ते लागणं साहजिक आहे.

या परंपरेतली एक बाई आपल्या सेवाग्रामात होती. मार्जरी साइक्स, जन्म १९०५, यॉर्कशरच्या. १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आल्या, भारतातच क्वेकर झाल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर वर्ध्याजवळ नई तालीमच्या कामात रुजल्या. पुढे साठच्या दशकात नागालँडमध्ये युद्धबंदीवर लक्ष ठेवणाऱ्या निरीक्षकांत त्या होत्या. आयुष्याच्या उत्तरार्धात होशंगाबादजवळ रसूलियाच्या फ्रेंड्स केंद्रात राहिल्या. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला तो ‘किशोर भारती’ ही संस्था आणि हेच केंद्र यांच्या पुढाकाराने. म्हणजे आपल्या ओळखीच्या गांधीविचारात आणि विज्ञानशिक्षणात या मौनाचा धागा आधीच विणलेला आहे.

पडद्याच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. जगात क्वेकर सुमारे ४ लाख, आणि सर्वांत जास्त केनियात. तिथली उपासना बहुतेक ठिकाणी पाद्री, प्रवचन आणि गाण्यांची आहे. मौन ही त्या समाजाची एक शाखा आहे. डेटाचे पैसे, वीज, इंग्रजी आणि सोयीची वेळ, सगळं उत्तरेकडच्या सुस्थितीतल्या लोकांच्या बाजूचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेत भरलेली जागतिक सभा प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशी दोन्ही ठेवली गेली. तरीही बोलीव्हियातल्या एखाद्या आयमारा क्वेकराला पेंडल हिलच्या बैठकीत घरचं वाटेल का, हा प्रश्न उरतोच.

आणि दाराचा प्रश्न आहे. १६७० मध्ये लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यावरच्या सभाघराला सैनिकांनी कुलूप घातलं, म्हणून विल्यम पेन रस्त्यावर उभा राहून बोलला आणि पकडला गेला. त्याला दोषी ठरवायला ज्यूरींनी नकार दिला. उपाशी कोंडलं तरी ते बधले नाहीत. ज्यूरीच्या स्वातंत्र्याचा पाया त्या खटल्यातून पक्का झाला. हाच पेन माणसं विकत घेत होता, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २७ मार्च २०२५ ला पोलिसांनी वेस्टमिन्स्टरच्या क्वेकर सभाघराचं दार फोडून आत शिरून सहा तरुण स्त्रियांना अटक केली. त्या तिथे भाड्याने घेतलेल्या खोलीत आंदोलनाविषयी बोलायला जमल्या होत्या.

त्याआधी दोनच महिने अमेरिकेत सरकारने प्रार्थनास्थळांमध्ये स्थलांतरितांना पकडण्यावरचे निर्बंध सैल केले होते. आठवड्याभरात फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेसह क्वेकरांच्या अनेक सभा, म्हणजे त्यांच्या प्रादेशिक संघटना, न्यायालयात गेल्या. त्यांचा युक्तिवाद त्यांच्या ध्यानाच्या रीतीतूनच आला होता: आमची उपासना एकट्याची नाही, वेगवेगळ्या माणसांनी एकत्र ऐकण्यातून ती घडते, भीतीने काही जण यायचे थांबले तर उरलेल्यांचंही ऐकणं अपुरं पडतं. घरी बसून पडद्यावर या, असं त्यांना सहज म्हणता आलं असतं. पाच वर्षं ते तेच करत होते. पण पडदा ज्याला हवा त्याच्यासाठी आहे, घाबरून मागे राहिलेल्याला तिकडे ढकलण्यासाठी नाही, हा फरक त्यांनी सोडला नाही. पुढे बाप्टिस्टांची एक संघटना आणि सॅक्रामेंटोचं शीख गुरुद्वारा त्यांच्यासोबत वादी म्हणून उभे राहिले. २४ फेब्रुवारी २०२५ ला मेरीलँडच्या संघीय न्यायाधीशांनी सरकारला अंतरिम मनाई केली. ती फक्त या वादींच्या प्रार्थनास्थळांपुरती होती. बाकीच्यांना आपापली दारं राखायची होती.