ग्राइंडरला चकती बसवताना

मुलांच्या प्रकल्पासाठी ४ इंची ग्राइंडर हाती घेतलात, तर आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग चकतीवरचा आकडा वाचा. मशीन मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल, तर चकतीवर तेवढाच किंवा जास्त आकडा हवा. कमी असेल तर ती फुटून तुकडे उडू शकतात. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती कुणी बघतच नाही! तडा गेलेली चकती सरळ टाकून द्या. आतली जाड वॉशर, चकती, वरचा नट, या क्रमाने बसवा आणि स्पिंडलचं बटण दाबून पान्याने आवळा. मोठी चकती मावावी म्हणून गार्ड काढतात, ते तर मुळीच नको. चष्मा लावा, मुलांना लांब उभं करा, मिनिटभर मशीन रिकामं फिरवा. थरथर जाणवली तर लगेच बंद करा.